इंग्लंडच्या खेड्यात नवीन राहायला आलात? पॅरिश काउन्सिल, पोलीस आणि शेजार: पहिल्या काही महिन्यांत काय काय करायचं

आम्ही श्रॉपशरमध्ये, लडलोच्या जवळच्या एका छोट्या गावात राहतो. नवऱ्याची नोकरी हॉस्पिटलात, मी घरून काम करते. गेल्या काही वर्षांत आपली बरीच मराठी मंडळी अशा गावांत यायला लागलीत, कुणी नर्स आहे, कुणी केअर होममध्ये, कुणाला शहराचं भाडं परवडत नाही म्हणून लांब आलंय, आणि नवीन आलेल्यांचे फोन आले की प्रश्न तेच असतात: इथे पोलीस स्टेशनच दिसत नाही मग तक्रार कुठे करायची, रस्त्यावरचा खड्डा कुणाला सांगायचा, रात्री एवढा मिट्ट अंधार असतो तर सेफ आहे ना. म्हणून एकदाच नीट क्रमाने लिहून काढतेय. यातलं बरंचसं मला कुणीही आपणहून सांगितलं नव्हतं. इथले लोक चांगले आहेत पण तुमच्या दारात येऊन माहिती देणार नाहीत, त्यांना ते आगाऊपणाचं वाटतं, तुम्ही विचारलंत की मात्र अर्धा तास उभं राहून सगळं सांगतील. तेव्हा विचारायचं, लाजायचं नाही.

पायरी १: नोटिसबोर्ड शोधा

घर लावून झालं की पहिल्याच आठवड्यात गावात पायी एक चक्कर मारा आणि नोटिसबोर्ड शोधा. व्हिलेज हॉलच्या भिंतीवर, बसस्टॉपजवळ किंवा चर्चच्या फाटकापाशी, काचेचं दार असलेला लाकडी बोर्ड असतो. त्यावर पॅरिश काउन्सिलच्या पुढच्या मीटिंगचा अजेंडा, क्लार्कचं नाव नि ईमेल, रस्ता बंद असल्याची सूचना, हरवलेलं मांजर, कॉफी मॉर्निंग, सगळं एकत्र चिकटवलेलं असतं. आपल्याकडे पूर्वी दवंडी पिटायचे, इथे हा बोर्ड. कायद्यानेच मीटिंगची नोटीस किमान ३ पूर्ण दिवस आधी लावावी लागते, त्यात नोटीस लावल्याचा दिवस, मीटिंगचा दिवस आणि मधला रविवार धरत नाहीत. बोर्डाचा फोटो काढून ठेवा. बऱ्याच गावांत घरोघरी टाकलं जाणारं छोटं पॅरिश मॅगझिनही असतं, ते रद्दीत टाकू नका, बिन कधी उचलणार इथपासून चिमणी साफ करणाऱ्यापर्यंत सगळं त्यात सापडतं.

पायरी २: कुठलं काउन्सिल काय करतं ते समजून घ्या

इथे सगळ्यांचा गोंधळ होतो, माझाही झाला. पॅरिश काउन्सिल म्हणजे ढोबळ मानाने आपली ग्रामपंचायत. नाव चर्चच्या पॅरिशवरून (म्हणजे एका चर्चच्या हद्दीवरून) आलेलं असलं तरी १८९४ च्या कायद्याने ही काउन्सिलं चर्चपासून वेगळी, लोकांनी निवडलेली झाली, त्यामुळे तुमचा धर्म कुठलाही असला तरी ते तुमचंच काउन्सिल आहे. किमान ५ सदस्य असतात, बहुतेक ठिकाणी पगार बिगार काही नाही, शेजारीपाजारीच असतात. चेअर म्हणजे सरपंचासारखा, पण त्याला गाव थेट निवडत नाही, सदस्यच दरवर्षी मे महिन्यात आपल्यातून निवडतात. आणि सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे क्लार्क. आपल्या ग्रामसेवकासारखं पद, पगारी असतं, बहुतेक वेळा पार्टटाइम. पत्रव्यवहार, अजेंडा, हिशोब सगळं क्लार्ककडे. काहीही असलं की आधी क्लार्कला ईमेल टाका, विषय त्यांचा नसला तरी कुणाचा आहे ते सांगतात.

पॅरिशच्या हातात काय असतं? मुलांचं खेळाचं मैदान, बाकं, बसस्टॉपचं शेड, काही ठिकाणी दफनभूमी, काही ठिकाणी रस्त्यावरचे दिवे, आणि अॅलॉटमेंट म्हणजे भाजी लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. (गावात अॅलॉटमेंट नसेल तर ६ मतदारांनी मिळून लेखी मागणी केली की काउन्सिलला त्याचा विचार करावाच लागतो, १९०८ च्या कायद्यापासून हे आहे. उन्हाळ्यात मेथी आणि कोथिंबीर इथे सुंदर येते.)

रस्ते, खड्डे, शाळा, लायब्ररी, वृद्धांची काळजी हे वरच्या काउन्सिलकडे. आमच्या श्रॉपशरमध्ये २००९ पासून वर एकच काउन्सिल आहे, त्यामुळे पॅरिश सोडलं तर सगळं तिथेच. पण इंग्लंडच्या काही भागांत मध्ये डिस्ट्रिक्ट काउन्सिल असतं, कचरा आणि बांधकामाच्या परवानग्या त्यांच्याकडे, रस्ते आणि शाळा काउंटीकडे. तुमच्याकडे कसं आहे हे काउन्सिल टॅक्सच्या (आपल्या घरपट्टीसारखा कर) बिलावर दिसतं, त्यात प्रत्येकाचा वाटा वेगळ्या ओळीत लिहिलेला असतो, पोलिसांचा आणि अग्निशमन दलाचा सुद्धा. पॅरिशच्या वाट्याला प्रीसेप्ट म्हणतात. कर घराच्या बँडवर म्हणजे किमतीच्या टप्प्यावर ठरतो, ए ते एच, तो आजच्या किमतीवर नसतो, १ एप्रिल १९९१ ला त्या घराची किंमत काय असती त्यावर असतो. घरात एकटेच मोठे राहत असाल तर २५ टक्के सूट मिळते पण ती मागावी लागते. हप्ते साधारण १० असतात, १२ करून मागितले तर देतात.

खड्डा, तुटलेला दिवा, पडलेलं झाड यासाठी वरच्या काउन्सिलच्या वेबसाइटवर किंवा फिक्समायस्ट्रीट नावाच्या वेबसाइटवर नकाशात बोट ठेवून तक्रार टाकता येते. दिव्याच्या खांबावर नंबर असतो तो लिहा. तक्रारीचा नंबर जपून ठेवा, कारण पुढे पॅरिशच्या मीटिंगला तो विषय काढायचा झाला तर तोच उपयोगी पडतो.

पायरी ३: एका मीटिंगला जाऊन बसा

हे मी मनापासून सांगते, पहिल्या ३ महिन्यांत एकदा तरी जा. आमंत्रण लागत नाही, १९६० च्या कायद्याने पॅरिश काउन्सिलची मीटिंग सगळ्यांना खुली आहे, तुम्ही नागरिक असा नसा, व्हिसावर असा. संध्याकाळी ७ किंवा ७.३० च्या सुमाराला व्हिलेज हॉलमध्ये असते. २०२१ मध्ये हँडफोर्थच्या पॅरिश काउन्सिलच्या झूम मीटिंगमधली भांडणं जगभर व्हायरल झाली होती, तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल, पण ती बघून घाबरू नका, आमच्याकडे दोन तास गटारं, कुंपणं आणि कुत्र्यांची घाण यावर शांतपणे बोलणं चालतं.

पद्धत समजून घ्या. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी १०-१५ मिनिटं गावकऱ्यांना बोलायला देतात. तेवढ्यात उभं राहून आपलं नाव, कुठल्या गल्लीत राहता, काय म्हणणं आहे ते सांगायचं, दोन-तीन मिनिटांत. त्यानंतर फक्त ऐकायचं, मध्ये बोललेलं चालत नाही, ग्रामसभेसारखं मागून ओरडून विचारता येत नाही. आणि हा मुद्दा लक्षात ठेवा: जे अजेंड्यावर नाही त्यावर त्या दिवशी निर्णय घेता येत नाही. म्हणजे तुम्ही मीटिंगमध्ये कितीही पोटतिडकीने सांगितलं तरी ते ऐकून घेतील आणि पुढच्या महिन्यावर जाईल. म्हणून विषय असेल तर १०-१२ दिवस आधी क्लार्कला ईमेल करून अजेंड्यावर घ्यायला सांगा.

शेजारचा कुणी घर वाढवतोय, मागच्या शेतात नवीन घरं येतायत, अशा बांधकामाच्या अर्जावर पॅरिश काउन्सिल फक्त मत देतं, परवानगी वरचं काउन्सिल देतं. तुम्हीही ऑनलाइन मत टाकू शकता, साधारण २१ दिवस असतात. आमच्या घराची किंमत कमी होईल किंवा खिडकीतला देखावा जाईल हे लिहून उपयोग नाही, ते धरत नाहीत. वाहतूक, पाण्याचा निचरा, उजेड अडणं, खासगीपणा यावर लिहा.

याशिवाय १ मार्च ते १ जून यांच्या मध्ये कधीतरी वार्षिक पॅरिश मीटिंग होते, ती काउन्सिलची नसते, गावातल्या मतदारांची असते, आणि तिथे मतदार म्हणून तुम्हाला बोलायचा हक्क असतो. आपल्या ग्रामसभेच्या सगळ्यात जवळची हीच.

पायरी ४: मतदार यादीत नाव घाला

खूप जणांना हे माहीतच नसतं. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे भारतीय पासपोर्टवर, वैध व्हिसा घेऊन इंग्लंडमध्ये राहणाऱ्या १८ वर्षांवरच्या माणसाला इथे मत देता येतं, पॅरिशपासून पार्लमेंटपर्यंत सगळ्या निवडणुकांत. सरकारी वेबसाइटवर ५ मिनिटांत नोंदणी होते. मतदान गुरुवारी असतं, सकाळी ७ ते रात्री १०, आणि २०२३ पासून फोटो ओळखपत्र लागतं, भारतीय पासपोर्ट चालतो. निवडणुकीला उभं राहायचं असेल तर मात्र कायमच्या वास्तव्याची परवानगी म्हणजे आयएलआर लागतो. आणि पॅरिशमध्ये जागा रिकाम्या पडलेल्या असतात, १० मतदारांनी निवडणूक मागितली नाही तर काउन्सिल एखाद्याला थेट सदस्य करून घेतं. ज्यांना आयएलआर मिळालाय आणि गावात वर्ष झालंय त्यांनी याचा नक्की विचार करावा, आपली माणसं त्या टेबलावर फार कमी दिसतात आणि मला ते बदललेलं बघायचंय.

पायरी ५: मदत कुणाकडे मागायची

जीव धोक्यात, आग, अपघात, चोर आत्ता घरात आहे: ९९९. गुन्हा होऊन गेलाय, काही संशयास्पद वाटतंय: १०१, किंवा पोलिसांच्या वेबसाइटवर फॉर्म. तब्येतीचं पण इमर्जन्सी नाही: १११. लाइट गेली: १०५. नाव न सांगता गुन्ह्याची माहिती द्यायची असेल तर क्राइमस्टॉपर्स, ०८०० ५५५ १११. हे सगळे फुकट आहेत. फ्रिजवर लिहून लावा, सासूसासरे भारतातून सुट्टीला आलेले असतात आणि आपण ऑफिसात असतो तेव्हा हाच कागद कामाला येतो.

खेड्यातली खरी अडचण वेगळीच आहे. घराला नंबर नसतो, नुसतं नाव असतं, आणि एका पोस्टकोडमध्ये दोन-दोन किलोमीटरवरची फार्म्स येतात, अँब्युलन्स रात्री गल्लीबोळात फिरत राहते. म्हणून व्हॉट थ्री वर्ड्सवर (प्रत्येक जागेला तीन शब्दांचा पत्ता देणारं अॅप) आपल्या दाराचे तीन शब्द शोधून त्याच फ्रिजवरच्या कागदावर लिहा, आणि घराच्या नावाची पाटी रस्त्यावरून अंधारात दिसेल अशी लावा. आपल्या नेटवर्कला रेंज नसली तरी ९९९ चा फोन दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या रेंजवरून जातो, त्यामुळे एक दांडी नाही म्हणून सोडून देऊ नका. बोलता येत नसेल तर एसएमएसनेही ९९९ ला कळवता येतं पण त्यासाठी आधी रजिस्टर हा शब्द इंग्रजीत लिहून ९९९ ला पाठवावा लागतो, आजच करून टाका. आणि मोबाइलवरून ९९९ लावून बोलणं धोक्याचं असेल, समजा मारहाण करणारा बाजूलाच उभा आहे, तर ऑपरेटर सांगेल तेव्हा ५५ दाबायचं, म्हणजे फोन पोलिसांकडे जातो. पण त्याने तुमचा पत्ता त्यांना आपोआप कळत नाही, म्हणून लाइन कट करायची नाही.

डीफिब्रिलेटर, म्हणजे हृदय बंद पडलं तर शॉक देणारं मशीन, कुठे आहे ते बघून ठेवा. पुष्कळ गावांत जुन्या लाल टेलिफोन बॉक्समध्येच तो बसवलेला असतो. २००८ पासून ब्रिटिश टेलिकॉमने हे बॉक्स गावांना १ पाउंडात द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून कुठे त्यात लायब्ररी आहे कुठे हे मशीन. पेटीला कुलूप असेल तर कोड ९९९ वाले सांगतात, आणि मशीन स्वतःच बोलून काय करायचं ते सांगतं, डॉक्टर असायची गरज नाही.

पोलीस स्टेशन जवळ नसतं हे खरंय. पण प्रत्येक भागाला एक टीम नेमलेली असते, त्यात पीसीएसओ म्हणजे पोलीस कम्युनिटी सपोर्ट ऑफिसर असतात, त्यांना पूर्ण पोलिसांइतके अधिकार नसतात पण गावाची खडान्‌खडा माहिती त्यांनाच असते. राष्ट्रीय पोलीस वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की टीमची नावं, त्यांच्या भेटीच्या वेळा आणि महिन्याभरात आसपास कुठले गुन्हे नोंदले गेले ते दिसतं. नेबरहूड वॉच आहे का विचारा, या देशातली पहिली नेबरहूड वॉच शहरात नव्हे, चेशरमधल्या मॉलिंग्टन नावाच्या खेड्यात १९८२ मध्ये सुरू झाली. काम साधंच असतं, एकमेकांच्या घरावर लक्ष, अनोळखी व्हॅनचा नंबर टिपून ठेवणं. आपण भारतात महिनाभर जातो तेव्हा शेजाऱ्याला किल्ली देऊन जाणं, टपाल आत टाकायला सांगणं, यासारखी दुसरी सुरक्षा नाही.

पायरी ६: रस्ता

गावाकडे माझ्या मते सगळ्यात मोठा धोका चोरांचा नाही, गाड्यांचा आहे. अरुंद लेन, दोन्ही बाजूला उंच हेज म्हणजे झुडपांची कुंपणं, फूटपाथ नाही, आणि गावाची हद्द संपली की बहुतेक ठिकाणी वेगमर्यादा ताशी ६० मैल. तेवढ्या वेगाने जायचंच असतं असं नाही, वळणापलीकडे ट्रॅक्टर किंवा मेंढ्या असतात. फूटपाथ नसेल तिथे उजव्या बाजूने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं चाला, आणि हिवाळ्यात ४ वाजताच अंधार पडतो तेव्हा चमकणारं जॅकेट आणि टॉर्च हवाच. मुलांच्या दप्तरालाही रिफ्लेक्टर लावा. घोडेस्वार दिसला की वेग १० मैलांच्या आत, किमान २ मीटर अंतर, हॉर्न नाही.

गावातून गाड्या सुसाट जात असतील तर कम्युनिटी स्पीडवॉचमध्ये नाव द्या. पोलीस ट्रेनिंग देतात, पिवळी जॅकेटं घालून रस्त्याच्या कडेला रडार घेऊन तासभर उभं राहायचं, जास्त वेगाच्या गाड्यांचे नंबर पोलिसांकडे जातात आणि मालकाला पत्र येतं. दंड होत नाही त्यात, पण फरक पडतो. मी स्वतः जाते, आणि गावातल्या निम्म्या लोकांशी माझी ओळख तिथे थंडीत उभं राहूनच झाली.

पायरी ७: घर, तेल, सोनं

बऱ्याच खेड्यांत पाइपने गॅस येत नाही, हीटिंग तेलावर चालतं आणि टाकी बाहेर अंगणात असते. तेल चोरीला जातं. टाकीला चांगलं कुलूप, हालचाल झाली की लागणारा दिवा, आणि पातळी आठवड्याला एकदा बघणं, एवढं करा. लाकडाचा स्टोव्ह किंवा बॉयलर असेल त्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पाहिजेच, भाड्याचं घर असेल तर २०२२ पासून तो बसवणं घरमालकाचं काम आहे.

सोन्याबद्दल जरा स्पष्ट बोलते. दिवाळी आणि लग्नसराईच्या आसपास आशियाई घरांतलं सोनं हेरून चोऱ्या होतात, पोलीस स्वतः दरवर्षी सांगतात. मंगळसूत्र, पाटल्या, तोडे घरात ठेवायचे असतील तर इन्शुरन्समध्ये एका वस्तूची मर्यादा किती आहे ते वाचा, महागडी वस्तू वेगळी लिहून द्यावी लागते, नाहीतर क्लेम मिळत नाही. प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा. सणाचे फोटो टाकताना घराचं नाव दिसू देऊ नका.

दारावर येऊन छप्पर दुरुस्त करून देतो, डांबर उरलंय ड्राइव्हवर टाकून देतो असं म्हणणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याचा फोन ठेवून १५९ लावा, तिथून तुमच्या खऱ्या बँकेला जोडून देतात. होम ऑफिसच्या नावाने व्हिसा रद्द होईल, पैसे भरा असे फोन आपल्या लोकांना मुद्दाम येतात, ते खोटे असतात, घाबरून एक पैसाही देऊ नका.

आणि जुना सोफा स्वस्तात नेतो म्हणणाऱ्या माणसाला कचरा देण्याआधी त्याचं वेस्ट कॅरियर लायसन्स बघा. त्याने तो कुठल्या शेतात टाकला आणि त्यात तुमचं पत्त्याचं पाकीट सापडलं तर तुम्हाला ६०० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

पायरी ८: शेतातून चालताना

पिवळा बाण म्हणजे पायवाट, निळा म्हणजे घोडा आणि सायकलही चालते. फाटक जसं होतं तसंच ठेवायचं, उघडं असेल तर उघडं. कुत्रा असेल तर मेंढ्यांजवळ पट्ट्यावरच, मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्याला दुसरा उपाय उरला नाही तर शेतकरी गोळी घालू शकतो, कायद्याचं त्याला संरक्षण आहे. वासरं असलेल्या गाईंपासून लांबून जा, आपल्याला गाय म्हणजे गरीब जनावर वाटतं पण इथे गाईंच्या पायाखाली माणसं मेलीयत. गाई अंगावर आल्या तर कुत्र्याचा पट्टा सोडून द्या, तो पळून जातो आणि तुम्ही वाचता.

पायरी ९: पूर, वादळ, बर्फ

सेव्हर्न आणि टीम या नद्या आमच्याकडे हिवाळ्यात भरतात. सरकारच्या पूर-सूचनेसाठी पोस्टकोड टाकून नाव नोंदवा, फोनवर मेसेज येतो. रस्त्यावर वाहतं पाणी दिसलं तर गाडी मागे वळवा, ३० सेंटिमीटर वाहत्या पाण्यात गाडी तरंगायला लागते. नोव्हेंबर २०२१ च्या अर्वेन वादळात उत्तर इंग्लंडमधली काही खेडी आठवडाभर विजेशिवाय होती. आता लँडलाइन पण इंटरनेटवरून चालतात, लाइट गेली की फोनही बंद, म्हणून पॉवर बँक भरलेली ठेवा. घरात तान्हं बाळ, वयस्कर किंवा मशीनवर असलेलं माणूस असेल तर वीज कंपनीच्या प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये (आधी मदत द्यायच्या घरांची यादी) नाव घाला, फुकट आहे.

वर्णावरून कुणी काही बोललं तर

होतं कधीकधी. रोज नाही, पण होतं. माझ्या मुलाला बसस्टॉपवर एकदा एकाने घाण शिवी दिली आणि मी दोन दिवस कुणाला काही बोलले नाही, वाटलं नवीन आहोत, कशाला वाढवायचं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजीबाईंना सांगितलं तर त्या माझ्याबरोबर बसून राहिल्या आणि आम्ही दोघींनी मिळून तक्रार लिहिली. हा हेट क्राइम आहे, १०१ वर किंवा ट्रू व्हिजन नावाच्या वेबसाइटवर नोंदवता येतो, नाव न देताही. तारीख, वेळ, शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. नोंदवलंच नाही तर पोलिसांच्या लेखी आपल्या गावात असं कधी घडलंच नाही असं होतं.

दिवाळीचे फटाके

दिवाळीच्या रात्री इथे १ वाजेपर्यंत फटाके उडवायला कायद्यानेच परवानगी आहे, एरवी, काही ठरावीक दिवस सोडले तर, ११ पर्यंतच. पण रस्त्यावर नाही, आपल्या अंगणात, आणि आसपास घोडे, मेंढ्या असतात त्या बिथरून कुंपणावर धडकतात. म्हणून आठवडाभर आधी कुठल्या दिवशी किती वाजता उडवणार याची चिठ्ठी आजूबाजूच्या घरांत आणि फार्मवर टाका, नोटिसबोर्डवर लावायला क्लार्कला द्या. आम्ही चिठ्ठीबरोबर चकल्या आणि करंज्याही पाठवतो, बाजूचे शेतकरी आजोबा त्या संध्याकाळी घोडी आत बांधून मग स्वतः बघायला येतात.